भरती बघून निघा: नेरुळचं ज्वेल, सीवूडचे रोहित आणि पामबीचचा एक दिवस

नेरुळ सेक्टर २६ मधल्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत बाहेरगावची मंडळी बहुतेक रविवारी संध्याकाळी येतात. तळ्याभोवती फेरी होते, मुलं घसरगुंडीवर दमतात आणि निघताना कुणीतरी विचारतं, "फ्लेमिंगो इथेच दिसतात ना?" हे फ्लेमिंगो, म्हणजेच आपले रोहित, उद्यानात सहसा नसतात. रिक्षाने पाच-दहा मिनिटांवरच्या पाणथळींत असतात, तेही ठरावीक वेळीच. ती वेळ खाडीची भरती ठरवते. म्हणून ज्वेल, टी. एस. चाणक्य संस्थेमागची आणि डीपीएस शाळेजवळची पाणथळ, बेलापूरचा किल्ला आणि वाशीचा मिनी सीशोर असा दिवस आखायचा असेल, तर आधी तारीख काढायची आणि बाकीचं सगळं तिच्यामागून.

तारीख कशी काढायची

भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. एकादशीला सव्वाआठ. द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, दोन्हीकडे प्रतिपदेपासूनच मोजायचं. दिवसातून दोन भरत्या येतात आणि त्यांच्यात साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणून सकाळी नऊची भरती रात्री साडेनवाच्या सुमारास परत येते. रोज ती जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते.

ही वेळ ढोबळ आहे आणि ती मुंबईच्या किनाऱ्याची आहे. पाणी खाडीत आत चढायला आणखी वेळ घेतं, म्हणून नेरुळ-वाशीसाठी अर्धा ते एक तास पुढे धरा. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून किंवा मोबाइलवरून मिनिटांसह वेळ मिळते. तीही बहुधा मुंबई बंदराचीच असते, त्यामुळे हा अर्धा-एक तास तिथेही मिळवावा लागतो.

आता पक्ष्यांचं गणित. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो. रोहित तिथे पांगून चरतात, किनाऱ्यापासून लांब. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो, उभं राहायला जागा उरत नाही आणि थवे उठून आतल्या उथळ पाणथळींत येऊन बसतात. पामबीच रोडलगतच्या पाणथळींत ते दिसतात ते यामुळे. म्हणजे भरतीच्या आधी तासभर पोचायचं आणि नंतर दोन तास थांबायचं. ओहोटीला गेलात तर समोर रिकामं पाणी आणि दोन-चार बगळे.

सगळ्याच भरत्या सारख्या नसतात, आणि नेमकी इथे लोकांची फसगत होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं, चिखल पुरता बुडतो. अष्टमीच्या पुढेमागे कोळी ज्याला भांग म्हणतात तो असतो: पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. भांगाच्या दिवसांत खाडीत कुठे ना कुठे चिखल उघडा राहतो, मग पक्षी आत यायचे कष्ट घेत नाहीत. शिवाय मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती कायम दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, भांगाची सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. पाऊणपटीच्या हिशेबातच ते दडलेलं आहे. म्हणून "संध्याकाळी भरती आहे, ऊनही उतरलेलं असेल" म्हणून जे निघतात त्यांच्या वाट्याला नेमकी पंधरवड्यातली अशक्त भरती येते, आणि वर मावळतीचं ऊन डोळ्यांवर.

सगळं जुळवलं की उत्तर निघतं ते एकादशी ते चतुर्दशी. भरती आपल्या बाजूला साधारण नऊ ते सव्वाअकराच्या दरम्यान, पाणी भांगातून उधाणाकडे चाललेलं, आणि सकाळचं ऊन पाठीशी, कारण पाणथळी रस्त्याच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आहेत. या चारांतही द्वादशी-त्रयोदशी सरस. पौर्णिमा-अमावास्येला पक्षी हमखास असतात, पण दुपारच्या झळांनी दुर्बिणीतलं चित्र थरथरतं. त्या दिवशी फोटोचा आग्रह सोडून द्यावा. महिन्यात असे चार-चार दिवसांचे दोन डाव मिळतात. त्यात रविवार बसला तर उत्तम, नाहीतर एक रजा टाकण्याइतकं ते मोलाचं आहे.

मोसम नोव्हेंबरपासून मेपर्यंतचा, त्यातही जानेवारी ते एप्रिल भर. पावसाच्या तोंडाशी बहुतेक थवे कच्छकडे निघतात.

पोचायचं कसं

ठाण्याहून ट्रान्स हार्बरची नेरुळ किंवा पनवेल लोकल धरा, मुंबईहून हार्बरची पनवेल लोकल. उतरायचं नेरुळला. परत निघताना मात्र सीवूड-दारावे किंवा बेलापूर सोयीचं पडतं, म्हणून तिकीट काढतानाच ते ध्यानात ठेवा. नेरुळ स्टेशनवरून रिक्षा मीटरने जाते. "ज्वेल, सेक्टर २६" एवढं सांगितलं की पुरतं. रविवारी सकाळी लवकर जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मेगाब्लॉक बहुधा अकरानंतर सुरू होतो. जाताना अडचण येत नाही, परतीची वेळ मात्र आदल्या दिवशीच्या जाहीर वेळापत्रकात बघून ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर एक गोष्ट पक्की: पामबीच रोडवर कडेला गाडी उभी करायची नाही. वाशी ते बेलापूर हा जवळपास दहा किलोमीटरचा रस्ता सरळ आणि रुंद आहे, गाड्या सुसाट येतात, आणि पक्षी दिसले म्हणून अचानक ब्रेक मारणारा मागच्याचा जीव धोक्यात घालतो. गाडी आतल्या सेक्टरच्या रस्त्यावर लावा आणि सिग्नलवरूनच रस्ता ओलांडा.

सोबत काय घ्यायचं: माणशी लिटरभर पाणी, टोपी, मळखाऊ रंगाचे कपडे, चिखलात घसरणार नाहीत असे बूट, डासांचं मलम. दुर्बीण ८×४२ ची असली तर उत्तम. त्याहून जास्त ताकदीची हातात हलते. एका कुटुंबात एक दुर्बीण पुरत नाही, मुलं भांडतात. दोन न्या.

ज्वेलमध्ये काय बघायचं

सातच्या आत पोचा. त्या वेळी चालणाऱ्यांची वर्दळ असते, पण ती आपापल्या तालात. संध्याकाळसारखा गोंधळ नसतो. घाई नसेल तर तळ्याभोवतीच्या फेरीला पाऊण तास धरा.

हे तळं शोभेसाठी खोदलेलं नाही, हे कळलं की फेरीला अर्थ येतो. नवी मुंबईचा बराच भाग खाजणात भराव घालून उभा राहिला, आणि काही सेक्टर उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षाही खाली आहेत. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली तर गटारांचं पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. शहराचं पाणी आधी या तलावात येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये एका बाजूलाच उघडणारी झडपेची दारं असतात. भरतीला खाडीचं पाणी चढतं आणि बाहेरून दाब देऊन दार मिटवतं. ओहोटीला खाडी उतरते, आतल्या पाण्याचा दाब वरचढ ठरतो, दार उघडतं आणि साठलेलं पाणी बाहेर जातं. मोटार नाही, माणूस नाही. दार नीट मिटलं नाही, मधे प्लास्टिक अडकलं किंवा गाळ बसला, की खारं पाणी आत शिरतं. मग तळ्यात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवतात, आणखी गाळ धरतात, तळ्याची पाणी साठवण्याची ताकद घटते. तिवरं तोडायला कायद्याने बंदी, २०१८ मध्ये उच्च न्यायालयानेही ती ठामपणे बजावली, आणि गाळ तर काढायलाच हवा. धारण तलावांचा हा पेच वर्षानुवर्षं चालू आहे. मुलांना काठावरून हे नक्की समजावून सांगा. आपल्या घरात पाणी का शिरतं किंवा का शिरत नाही, याचं उत्तर तिथे उघड्यावर पडलेलं असतं.

काठावरची तिवरं जवळून बघा. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी टोकं उभी असतात, शेकड्यांनी. ती मुळं आहेत, हवा घ्यायला वर आलेली, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तोही यामुळेच: हवा नसलेल्या चिखलात जिवाणू पाला कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सगळा वास सांडपाण्याचा नसतो. पाणी ओसरलेल्या काठावर दोन मिनिटं हलू नका. निवट्या दिसतील, बोटभर लांबीचे मासे, डोक्यावर बटणासारखे डोळे, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून उड्या मारत जाणारे. तुमची सावली पडली की बिळात गडप.

इथले नेहमीचे पक्षी म्हणजे बगळे, पाणकावळे, लांब लाल पायांचे शेकाटे, खंड्या, शराटी. ओळख करून घ्यायला जागा चांगली, कारण इथल्या पक्ष्यांना माणसांची सवय आहे.

पाणथळीवर

साडेआठच्या आत ज्वेल सोडा. दोन जागा आहेत. पहिली करावे गावाजवळ, व्यापारी नौदलाच्या प्रशिक्षणाच्या टी. एस. चाणक्य संस्थेमागची पाणथळ. दुसरी सीवूड सेक्टर ५२ मध्ये, डीपीएस शाळेजवळचा सुमारे ३० एकरांचा तलाव. पहिली पसरट, पक्षी लांब, वाट कच्ची. दुसरीत तलावाचा काठ जवळ आणि रिक्षा अगदी पाशी जाते. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर थेट डीपीएसला जा. वेळ असेल तर आधी चाणक्य, आणि पाणी चढताना डीपीएस.

डीपीएस तलावात पाणी खाडीतून चरांवाटे येतं. ते चर बुजले की तलाव वाळतो किंवा वर शेवाळाचा जाड थर येतो आणि पक्षी तिकडे फिरकत नाहीत. २०२४ मध्ये असंच झालं आणि सीवूड परिसरात रोहित मरून पडले. रहिवाशांनी आणि पर्यावरणप्रेमींनी हा विषय लावून धरला, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. तरी जायच्या आधल्या आठवड्यात तिथे पाणी आहे का, हे सीवूडमधल्या कुणा ओळखीच्याला विचारून घ्या. पाणी नसेल तर कुठलीही तिथी कामाला येत नाही.

पोचल्यावर काठापासून मागे, झाडाच्या आडोशाला उभे राहा. पक्षी माना वर करून एकाच दिशेला चालू लागले, तर समजा तुम्ही फार जवळ गेलात. दोन पावलं मागे या, बसा, ते पुन्हा निवांत होतील. फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उडवणारे दर मोसमात दिसतात. हे पक्षी इथे पुढच्या लांबच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवत असतात. उगाच उडवलेला प्रत्येक थवा ती खर्च करतो. ड्रोन तर आणूच नका. पक्षी बिथरतात, आणि नवी मुंबईचा विमानतळ खाडीपलीकडे लागूनच आहे.

दोन जातींतला फरक असा. लहान रोहित ठेंगणा, गडद गुलाबी, चोच काळपट-तांबडी, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित चांगला उंच, जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. राखी-मातकट दिसणारे आजारी नसतात, ती पिल्लं आहेत. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि अंगावर चढायला काही वर्षं लागतात. लहान रोहित सूक्ष्म शेवाळावर जगतो, मोठा चिखलातले कोळंबीसारखे बारीक जीव टिपतो, म्हणून एकाच पाण्यात दोघांचं भागतं. चरताना चोच उलटी करून पाण्यात घालतात आणि जिभेने पाणी आत-बाहेर ढकलून खाणं गाळून घेतात. दुर्बिणीतून गळ्याची ती भराभर होणारी हालचाल दिसते.

ऐन भरतीला मात्र बरेचसे एका पायावर, मान पिसांत खुपसून झोपलेले असतात. इथे लोक कंटाळून निघतात आणि सगळ्यात सुंदर क्षण हुकवतात. भरतीनंतर दीड-दोन तासांनी खाडीत चिखल दिसू लागतो. आधी एक-दोन माना वर येतात, मग कलकलाट वाढतो, आणि थवा धावत धावत उठतो. बसलेला असताना फिकट वाटणारा पक्षी पंख उघडताच लाल आणि काळा होतो. एवढ्यासाठी थांबाच. द्वादशीला हे साधारण साडेअकरा-बाराच्या सुमारास घडेल, तेव्हा न्याहारी बरोबर बांधून न्या. घावन किंवा मेथीचे पराठे थंड झाले तरी चालतात. खाणं काठावर सांडू नका, भटकी कुत्री येतात आणि त्यांच्यामागे पक्षी उडतात.

चाणक्यकडची वाट सकाळी निर्मनुष्य असते. एकट्याने जाऊ नका, तिघे-चौघे असा.

दुपार

जवळपास कुठेही धड स्वच्छतागृह नाही, त्यामुळे सीवूड स्टेशनवरच्या मॉलमध्ये हात-पाय धुऊन, सावलीत तासभर बसून घ्या. जेवणासाठी करावे, दारावे, सारसोळे ही मूळची आगरी-कोळी गावं शहराच्या पोटात अजून आहेत. तांदळाची भाकरी आणि खाडीची मासळी मिळणाऱ्या खानावळी शोधा. दुपारी दोननंतर चांगलं काही उरत नाही.

ऊन सोसत असेल तर बेलापूर. पामबीचच्या टोकाला किल्ले गावठाणात सिद्दींच्या काळातल्या किल्ल्याचे अवशेष आहेत, मुख्यतः एक बुरूज. किल्ला म्हणून मोठी अपेक्षा ठेवू नका. पण खाडीच्या तोंडावर ही जागा का निवडली असेल ते तिथे उभं राहिल्यावर लगेच पटतं. शेजारीच गोवर्धनी मातेचं देऊळ आहे. दोन्ही मिळून पाऊण तास खूप झाला. लहान मुलं असतील तर त्याऐवजी नेरुळ सेक्टर १९ए मधलं वंडर्स पार्क: ताजमहालासकट जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आणि छोटी आगगाडी. तिकीट आहे, आणि चारच्या आधी तिथे ऊन फार लागतं.

संध्याकाळ वाशीला. सेक्टर १० चा मिनी सीशोर हाही खाडीला लागून आहे. द्वादशीला दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास ओहोटी होऊन पाणी पुन्हा चढू लागलेलं असतं, त्यामुळे सूर्यास्ताला समोर नुसता चिखल नसतो. गाड्यांवर खाणं भरपूर. डास त्याहून भरपूर, मलम आठवणीने लावा.

ऐरोलीची बोट वेगळ्या दिवशी

ठाणेकरांना जवळची जागा ऐरोलीची, पण ती याच दिवसात कोंबू नका. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं, आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेलं. ऐरोली सेक्टर १०, दिवा कोळीवाड्याजवळच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून तिथे बोट जाते. केंद्र सोमवारी बंद असतं. ट्रान्स हार्बरच्या ऐरोली स्टेशनवरून रिक्षा मिळते.

इथला हिशेब पाणथळीपेक्षा उलटा आहे. बोट सुटायला धक्क्याशी पाणी हवं, म्हणून फेऱ्या भरतीच्या आगेमागेच असतात आणि त्यांच्या वेळा रोज बदलतात. पण पक्षी चरताना दिसायला चिखलही थोडा उघडा हवा. त्यामुळे पाणी पूर्ण चढल्यावरच्या फेरीपेक्षा ते चढत असतानाची किंवा उतरू लागल्यावरची फेरी मिळाली तर ती घ्या. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, नोंदणी ऑनलाइन आधीच करा. बोटीत उभं राहू नका, गाणी वाजवू नका. बोट चालवणारे स्थानिक कोळी बांधव असतात. पाणी कुठल्या बाजूने चढतंय ते त्यांना विचारा, फार चांगलं सांगतात. केंद्रातल्या तिवरांमधल्या पायवाटेसाठी तासभर वेगळा ठेवा.

जून ते सप्टेंबर ही सहल टाळा. पक्षी नसतातच, आणि साडेचार मीटरच्या वरच्या भरतीला मोठा पाऊस गाठला तर पाणी तुंबू शकतं.

जखमी किंवा मेलेला रोहित दिसला, किंवा पाणथळीत कुणी भराव टाकताना दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पक्ष्याला हात लावू नका, पाणी पाजू नका. जवळची इमारत किंवा सिग्नल, वेळ आणि पक्षी हालचाल करतोय का, एवढं सांगा, आणि मदत येईपर्यंत कुत्र्यांना दूर ठेवा.